‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

आपल्या पेढ्यांवर संगणक येऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. गलोंड्यासारख्या गावातील धान्यव्यापाऱ्याचीही बिले, पावत्या, वाहतुकीच्या चिठ्ठ्या आणि जी.एस.टी.ची विवरणपत्रे त्याच्याच पोटात साठविलेली असतात. चोपडीच्या जागी फाईल आली आणि जुन्या दिवाणजींच्या स्मरणशक्तीच्या जागी शोधाची चौकट आली. चौकटीत नाव लिहावे व कागद पुढे यावा, एवढीच आपली अपेक्षा असते. परंतु ही अपेक्षा कित्येकदा फसते. काल डोळ्यांनी पाहिलेली फाईल आज नाव घालूनही पुढे येत नाही. मग गादीवरील तरुण शांतपणे सांगतो, “कॉम्प्युटरमध्ये नाही.” या एका वाक्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते, कारण माझ्या मते ते व्यापाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

त्यातील अनर्थ लहान नाही. दोन वर्षांपूर्वी पैसे भरल्याचे सांगणारा किरकोळ दुकानदार समोर उभा असतो. त्याची पावती आपल्या शोधात येत नाही, आणि एका क्षणात तो खोटा ठरतो. कधी याच्या उलट घडते: चुकती केलेली रक्कम ‘नोंद नाही’ म्हणून आपणच दुसऱ्यांदा देतो. कायद्याचा धाकही आहेच. जी.एस.टी. कायद्याच्या ३६व्या कलमानुसार त्या त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाचे कागद जपून ठेवावे लागतात. अधिकाऱ्याने मागितल्यावर ते दाखविता आले नाहीत, तर ते यंत्रात कोठेतरी आहेत या समाधानाचा काही उपयोग नाही.

म्हणून हा शोध चालतो कसा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. आणि ते समजणे व्यापाऱ्याला मुळीच कठीण नाही. आपल्याकडे रोजकीर्द व खतावणी अशा दोन वह्या असतात. व्यवहार घडला तसा कीर्दीत उतरतो आणि तिच्यावरून खतावणी तयार होते. कोणाचे खाते पाहावयाचे झाल्यास आपण सारी कीर्द चाळीत नाही, खतावणी उघडतो. संगणकही नेमके हेच करतो. फाईली ही त्याची कीर्द होय. त्यांच्यावरून तो पडद्यामागे एक सूची तयार करतो, जिला ‘इंडेक्स’ म्हणतात. तीच त्याची खतावणी. आपण नाव घातले की तो बहुधा फाईली न पाहता ही सूची पाहतो. जी नोंद खतविली गेलीच नाही, ती कीर्दीत असूनही खतावणीत दिसावयाची नाही. इंग्रजीत यंत्र जे सांगते त्याचा शब्दशः अर्थही ‘आपल्या शोधाशी जुळणारी वस्तू नाही’ एवढाच आहे. ‘जुळत नाही’ याचे ‘नाही’ आपण करतो.

मग दोष कोठे आहे हे ओळखावे कसे? तराजूविषयी शंका आली तर आपण शिक्क्याचे प्रमाणित वजन पारड्यात टाकून पाहतो. तीच रीत येथे वापरावी. जी फाईल निश्चित आहे, जी आपण हाताने फोल्डर उघडून पाहिली आहे, तिचेच नाव शोधाच्या चौकटीत घालावे. ती आली नाही, तर खतावणी बिघडली आहे. ती आली आणि हवी ती मात्र येत नाही, तर बहुतेक वेळा दोष आपल्या नोंदीत आहे. या एका परीक्षेने अर्धे काम होते.

खतावणी बिघडली असेल तर उपाय सोपे आहेत. विंडोज पद्धतीच्या यंत्रात कंट्रोल पॅनेलमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ नावाचे दालन असते. कोणकोणती ठिकाणे सूचीत घेतली आहेत हे तेथे दिसते. साधारणपणे यंत्र डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप अशी ठरावीक ठिकाणेच आपण होऊन घेते. आपल्यापैकी बहुतेकांची बिले मात्र ‘डी’ ड्राइव्हवर असतात, ती बाहेर राहतात. ‘मॉडिफाय’ या कळीने ते ठिकाण सूचीत घालावे. त्याच दालनातील ‘ॲडव्हान्स्ड’ भागात फाईलीचे नाव व गुणधर्म तेवढेच खतवावयाचे की आतील मजकूरही, हे प्रत्येक प्रकाराच्या फाईलीसाठी ठरविता येते. एवढ्यावरही भागले नाही तर तेथेच ‘रिबिल्ड’ ही कळ आहे. तिने जुनी सूची पुसली जाते व नवी तयार होते. मूळ फाईलींना तीमुळे धक्का लागत नाही. कीर्द तशीच राहते, खतावणी पुन्हा लिहिली जाते. फाईली पुष्कळ असल्यास या कामास काही तास लागतात आणि तोवर शोध अपुराच राहतो. तेव्हा हे काम पेढी बंद करताना लावावे व यंत्र चालू ठेवावे. पेनड्राइव्हवरील, शेजारच्या यंत्रावरील किंवा केवळ इंटरनेटवरील साठ्यात ठेवलेल्या फाईलींचा मजकूर या सूचीत बहुधा येत नाही, आणि टॅलीसारख्या हिशेबाच्या व्यवस्थेतील नोंदी त्या व्यवस्थेतच शोधाव्या लागतात, हेही ध्यानात असावे.

परंतु माझ्या अनुभवाप्रमाणे खरा दोष पुष्कळदा दुसऱ्या पारड्यात असतो. आपला प्रदेश अनेक भाषांचा आहे. येथील पोर्तुगीज अंमल १९५४ साली संपला. आज येथील पेढीवर मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी या चारही भाषांतील कागद येतात. एकाच धान्याला मराठीत तूर, गुजरातीत तुवेर आणि हिंदीत अरहर म्हणतात. इंग्रजी अक्षरांत तर प्रत्येक कारकून आपापल्या मर्जीप्रमाणे लिहितो. माणसाला ही सारी एकच डाळ दिसते. यंत्राला चार निराळे शब्द दिसतात. बिलाच्या क्रमांकापूर्वी पेढीची आद्याक्षरे जोडून लिहिली असली, तर नुसता क्रमांक घालून फाईल पुष्कळदा येत नाही, कारण सूचीतील शोध शब्दाच्या आरंभापासून जुळवाजुळव करतो.

दुसरा दोष जुन्या टंकांचा. युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ पासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे आपण असे टंक वापरीत राहिलो, ज्यांत डोळ्यांना देवनागरी दिसते पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. त्या काळातील पत्रव्यवहार आज मराठी शब्द घालून शोधू गेल्यास येणार कसा? असे महत्त्वाचे कागद युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हाच मार्ग. तिसरा दोष छायाप्रतींचा. स्कॅन केलेली पावती हे केवळ चित्र असते. त्यातील अक्षरे ओळखण्याची क्रिया स्वतंत्रपणे केल्याखेरीज तिच्यातील एकही शब्द सूचीत जात नाही. अशा चित्राला यंत्राने दिलेले अर्थहीन नावच आपण ठेवले, तर ती पावती हरवल्यासारखीच होय.

सूचीचे महत्त्व आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगावयास नको. आपल्या ज्ञानभांडारांत शतकानुशतके पोथ्या जपल्या गेल्या. तथापि कोणता ग्रंथ कोठे आहे हे अभ्यासकाला कळावे, म्हणून हरि दामोदर वेलणकर यांनी अनेक भांडारांच्या याद्या एकत्र करून ‘जिनरत्नकोश’ सिद्ध केला, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो १९४४ साली प्रसिद्ध केला. पोथी जपणे हे एक पुण्यकर्म आणि ती मागणाऱ्याच्या हाती येईल अशी व्यवस्था लावणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसरे आपोआप होत नाही.

याविषयी दोन मते मी नेहमी ऐकतो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, यंत्र विश्वासाचे नाही, चोपडीच बरी. तरुण म्हणतात, शोधाची सोय असताना नावे नीट लिहिण्याची उठाठेव कशाला? मला दोन्ही मते मान्य नाहीत. चोपडीतही अव्यवस्थित खतविलेली नोंद सापडत नसे; आणि जे लिहिलेच नाही ते कितीही चलाख यंत्र शोधू शकत नाही. नवे महाग यंत्र घेऊनही हा दोष जात नाही, कारण जुन्या फाईली जुन्याच नावांनी त्यात जातात.

म्हणून आपल्या मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, धान्ये व कडधान्ये यांच्या एकेका ठरावीक नावाची एक पानी यादी मंडळाने छापावी व सर्व पेढ्यांनी तीच वापरावी. दुसरी, प्रत्येक फाईलीच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना व दिवस, नंतर पक्षकाराचे नाव, माल आणि बिलाचा सुटा क्रमांक असा एकच क्रम असावा; त्यामुळे शोध बिघडला तरी फोल्डर तारीखवार लागलेले राहील व डोळ्यांनीही कागद सापडेल. तिसरी, दिवाळीत चोपडीपूजन करताना, पाच जुन्या बिलांचा शोध घेऊन यंत्राची परीक्षा करावी आणि जरूर तर सूची नव्याने बांधावी.

आणि तोवर गादीवरील मुलांना एवढे अवश्य शिकवावे: शोधात कागद आला नाही, तर समोरच्याला “नाही” म्हणू नये, “अजून सापडला नाही, पाहून सांगतो” असे म्हणावे, आणि खरोखरच उठून पाहावे. पेढीची पत याच दोन वाक्यांतील अंतरावर उभी असते.