झालेल्या पेपरवर बोलू द्या

बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर सुटला की केंद्राच्या फाटकाबाहेर गलका उठतो. ‘एमसीक्यूमधलं तिसरं काय लिहिलंस?’, ‘त्या न्यूमेरिकलचं किती आलं?’ आणि त्यावर मोठ्यांचा ठरलेला आवाज: ‘झाला तो पेपर झाला, आता पुढच्याचं बघा.’ पालक हेच सांगतात, शिक्षक हेच सांगतात, परीक्षेच्या मोसमातली सल्ल्याची सदरंही दरवर्षी हेच छापतात. ज्या उपदेशावर इतकं एकमत असतं, तो तपासून पाहायची तसदी सहसा कोणी घेत नाही. हा तपासला तर त्यात काळजी भरपूर सापडते, युक्तिवाद मात्र तोकडा आहे.

उत्तरपत्रिका सीलबंद झाली, आता गुण बदलणार नाहीत, हे खरंच. पण एवढ्यावरून चर्चा व्यर्थ ठरवायची, तर पेपर फक्त गुणांसाठी असतो असं आधी मान्य करावं लागेल. आणि गुणांपुरतंच बोलायचं म्हटलं, तरी हिशेब चुकतो. बोर्डाची परीक्षा संपते आणि काही आठवड्यांत एमएचटी-सीईटी उभी राहते. तिथे केमिस्ट्रीचे ५० प्रश्न असतात आणि त्यांतले सुमारे ८० टक्के याच बारावीच्या अभ्यासक्रमावर. म्हणजे केमिस्ट्री ‘झालेली’ नसतेच. समजा प्रश्न असा आहे: पाण्यात मीठ विरघळवून ०.१ मोलल द्रावण केलं, पाण्याचा स्थिरांक १.८६, तर गोठणबिंदू किती अंशांनी उतरेल? एकाचं उत्तर ०.१८६, दुसरीचं ०.३७२. बरोब्बर दुप्पट. हा फरक आकडेमोडीच्या घसरणीचा नाही, हे त्या दुप्पटीवरूनच कळतं. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, म्हणून व्हॅन्ट हॉफ फॅक्टर २ घ्यायचा, तो एकाने घेतलाच नाही. साखर असती तर त्याचंच उत्तर बरोबर ठरलं असतं. फुटपाथवर दोन मिनिटांत उमगलेली ही गोष्ट सीईटीत नक्की आठवते, कारण तिच्यासोबत ‘अरेरे’ आलेलं असतं. हा ‘अरेरे’ फुकट जात नाही. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ज्या चुकीच्या उत्तराबद्दल माणसाला पक्की खात्री असते, तेच खरं उत्तर कळल्यावर अधिक चांगलं दुरुस्त होतं.

आणि हे खरं उत्तर कळणार कधी? बोर्डाचा निकाल येतो तेव्हा हाती पडतो विषयामागे एक आकडा. कुठे चुकलं हे पाहायचं, तर अर्ज करून, पैसे भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. तोवर सीईटीचा बार उडालेला असतो. दरम्यान चूक गप्प बसत नाही. रोडिगर आणि मार्श यांच्या २००५ च्या प्रयोगात दिसलं, की बहुपर्यायी प्रश्नांतले चुकीचे पर्याय पुढे काही जणांच्या डोक्यात ‘माहिती’ म्हणून मुक्काम ठोकतात. बटलर आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये याचा उताराही दाखवला: बरोबर उत्तर सांगितलं की हा दुष्परिणाम घटतो. म्हणजे परीक्षा शिकवते, पण कोणी तपासून दिलं नाही तर चुकीचंही शिकवते. आपल्या व्यवस्थेत तपासून देणारं त्या दुपारी दुसरं कोणी नसतं, फाटकाबाहेरचे मित्रच असतात.

यावर एक आक्षेप रास्त वाटतो: आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची? ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर बरोबर ठरायचं? मोठ्या आवाजाचा धोका आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांचं २००९ सालचं ‘सायन्स’मधलं काम या आक्षेपाला थेट भिडतं. जनुकशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांनी आधी एकट्याने उत्तर दिलं, मग शेजाऱ्यांशी चर्चा केली आणि त्यानंतर त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवला. सुरुवातीला गटात कोणालाच उत्तर येत नव्हतं, तिथेही चर्चेनंतर उत्तरं सुधारली. कारण चर्चेत कारण द्यावं लागतं. ‘मला सी आलं, तुला?’ एवढ्यावर थांबणं म्हणजे मटका लावणं. ‘पेरॉक्साइड दिलं होतं, म्हणून मी १-ब्रोमोप्रोपेन लिहिलं’ हे शिकणं. शिवाय कधी कधी चूक मुलांची नसतेही. नीट २०२४ मध्ये अणूवरच्या एका प्रश्नाला जुन्या पुस्तकाप्रमाणे एक आणि नव्याप्रमाणे दुसरं उत्तर निघत होतं, आणि आधी दोन्हींना गुण मिळाले. परीक्षार्थींनी हरकत घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६१ वरून १७ वर आले. झालं ते झालं म्हणून सगळेच घरी गेले असते तर?

खरा भार आहे तो मनोधैर्याच्या आक्षेपात. चार उत्तरं चुकली हे कळल्यावर पुढच्या पेपरला हात थरथरतो, हे खोटं नाही. दुसऱ्याच दिवशी पेपर असेल, तर चर्चा पुढे ढकलावी, यात माझा वाद नाही. जो पोरगा गप्प उभा आहे त्याला खेचून ‘तुझं किती बरोबर?’ विचारणं हा तर आगाऊपणाच. पण गप्प बसवलं म्हणून मन गप्प बसतं, हा भ्रम आहे. घरी जाताना स्कूटरच्या मागच्या सीटवर तोच आकडा पुन्हा पुन्हा गुणला जातो, फक्त एकट्याने आणि बहुधा आहे त्याहून वाईट. तीन गुणांचं न्यूमेरिकल चुकलं म्हणून तीनही गेले असं मुलं धरून चालतात. सूत्र बरोबर असेल, किंमती नीट भरल्या असतील, तर त्या पायऱ्यांचे गुण मिळू शकतात. हेही मैत्रिणीच सांगतात.

तेव्हा फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवणाऱ्या पालकांना एवढीच विनंती: पुढचा पेपर उद्या नसेल, तर इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा.