आधी भूतकाळ शिकवू या



कोजागरी झाली, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमी रंगात आल्या आहेत आणि फराळाच्या यादीत नावं भराभर वाढताहेत. या धामधुमीत शनिवारच्या इंग्रजी संभाषण वर्गाकडे आपलं लक्ष वेधायचं आहे. अमेरिकेत मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या आईवडिलांसाठी मंडळ हा वर्ग चालवतं.

असे वर्ग ठरलेल्या क्रमाने जातात. आधी 'आय गो, ही गोज', मग भाज्या, रंग, वार; भूतकाळाची पाळी येते ती महिन्या-दोन महिन्यांनी. तोवर निम्मी मंडळी कंटाळून गळतात. सत्तरीच्या माणसाजवळ बोलण्यासारखं जे असतं ते बहुतेक घडून गेलेलं असतं: नोकरी, बदल्या, गावचं घर, मुलांची शिक्षणं. म्हणून भूतकाळ पहिल्या आठवड्यापासूनच शिकवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याला व्यावहारिक कारणही आहे. ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. वय 50 च्या वर आणि ग्रीन कार्डाला 20 वर्षं, किंवा वय 55 च्या वर आणि 15 वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची अट माफ होते. साठीनंतर आलेल्यांनी पाच वर्षांनी अर्ज केला, तर ही सवलत त्यांना लागू होत नाही. त्यांच्या इंग्रजीतल्या मुलाखतीत अधिकारी एन-400 या अर्जातलेच प्रश्न विचारतात आणि त्यातले कितीतरी 'हॅव यू एव्हर'ने सुरू होतात. कधी अटक झाली होती का? स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवून घेतलं होतं का? डॉक्टरही असंच विचारतात: पूर्वी ऑपरेशन झालंय का?

अशा वेळी व्याकरणापेक्षा सवय नडते. प्रश्न नीट कळला नाही तरी मान डोलावून 'येस' म्हणायचं, ही आपली भिडस्त रीत. त्यात 'यू हॅव नेव्हर बीन अरेस्टेड?' असं विचारलं, की मनात येतं 'हो, कधीच नाही' आणि तोंडातून निघतं नुसतं 'येस'. ऐकणारा बुचकळ्यात पडतो. त्यापेक्षा 'नो, नेव्हर' हे उत्तर घोटून घ्यावं. प्रश्न कळला नाही तर 'प्लीज रिपीट' म्हणायला कसलाही संकोच नको.

आमच्या वर्गात प्रत्येकजण कागदावर एक रेघ ओढून तिच्यावर आपल्या आयुष्यातली सालं मांडतो. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी वाचून दाखवलं, "आय जॉइन्ड एसटी इन 1974." पुढे म्हणाले, "आय हॅव गॉन टू काशी इन 1988." शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "डिड यू वेंट बाय ट्रेन?" गप्पा रंगल्या होत्या, म्हणून शिक्षिकेने मध्येच टोकलं नाही. नंतर फळ्यावर दोनच गोष्टी लिहिल्या. साल किंवा 'काल' आलं की 'हॅव' नको, नुसतं 'वेंट'; आणि 'डिड' आलं की 'वेंट'चं परत 'गो'. दिलाशाची गोष्ट म्हणजे आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, लाडू खाल्ले, या सगळ्यांना इंग्रजीत एकच 'एट' पुरतं.

या वर्गाला आता माणसं हवी आहेत. शिकवता आलंच पाहिजे असं नाही, निवांत ऐकता आलं तरी पुरे. हायस्कूलमधली आपली मुलं हे काम उत्तम करतील, कारण त्यांना मराठीत उत्तर देऊन सुटका करून घेणं आजीआजोबांना जमत नाही. घरीही जेवताना आईबाबांना एखादा 'व्हेअर डिड यू लिव्ह?' विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मध्ये शब्द पुरवू नका. येऊ इच्छिणाऱ्यांनी दिवाळीपूर्वी कार्यकारिणीकडे नाव द्यावं.



— संपादक मंडळ