तापलेल्या गाडीचा रुसवा

मैत्रिणींनो, जुनी फियाट किंवा पद्मिनी जिवापाड जपणारी घरं अजूनही आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण सासऱ्यांनी नंबर लावून घेतलेली गाडी मोडीत काढायला कुणाचा हात धजतो?

गाडी गुणाची खरी. सकाळी चोक ओढला की लगेच चालू. पण भर उन्हात बाजारात जावं, पंधरा मिनिटांत भाजी घेऊन परतावं, तर बाईसाहेब फुरंगटलेल्या! मग यजमान स्टार्टर मारत राहतात, मुलं रडकुंडीला येतात, बॅटरी बसते आणि धक्का मारायला आपण असतोच. म्हणून आज पाककृती बाजूला ठेवून या रुसव्याचं कारण पाहू.

गॅस बंद केला तरी जाड तवा बराच वेळ तापलेला राहतो ना? इंजिनाचंही तसंच. गाडी चालू असते तेव्हा पंख्याचा वारा लागतो, पाणी फिरत असतं. बंद केली की दोन्ही थांबतं आणि इंजिनाची धग पंपात, पाइपात आणि कार्बोरेटरमध्ये चढते. पाणी १०० अंशांना उकळतं, पण पेट्रोलमधला हलका भाग ४० अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतो. आता गंमत अशी, की या एकाच उष्णतेतून दोन अगदी उलट दुखणी होतात.

पहिलं दुखणं उपासमारीचं. या गाड्यांचा पंप इंजिनालाच जोडलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. पाइपात वाफ धरली की पंप नुसती वाफच ओढतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. घाटात किंवा गर्दीत गाडी आचके देत बंद पडते तीही बहुधा यामुळेच. दुसरं दुखणं अजीर्णाचं. कार्बोरेटरच्या भांड्यातलं पेट्रोल दुधासारखं उतू जाऊन इंजिनात उतरतं आणि प्लग भिजतात.

जुलाबाला आणि बद्धकोष्ठाला आपण एकच औषध देतो का? मग इथेही आधी ओळख पटवा. बॉनेट उघडा आणि वास घ्या.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर अजीर्ण समजा. पाइप कुठे गळत नाही ना, हे आधी पाहा. थेंब जरी गळत असला तरी किल्ली लावू नका, मुलांना खाली उतरवून लांब न्या आणि जवळपास कुणाला विडी-सिगारेट पेटवू देऊ नका. गळत नसेल तर चोक ओढू नका. अ‍ॅक्सिलरेटर हळूच तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि स्टार्टर द्या. पाय वरखाली केलात तर आणखी पेट्रोल आत जाईल. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर नको.

वास नसेल तर उपासमार. बॉनेट उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. जुन्या धोतराचं फडकं भिजवून, पिळून पंपावर आणि पेट्रोलच्या पाइपावर ठेवा. घाटात ड्रायव्हर मंडळी हेच करत. मात्र तापल्या इंजिनावर तांब्याने पाणी ओतू नका, लोखंडाला तडा जाईल. रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

हे झाले वाटेतले उपचार. दुखणं मुळापासून जायला मेकॅनिकला चार गोष्टी पाहायला सांगा. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला खेटून जात असेल तर तो दूर बांधावा किंवा त्यावर उष्णता अडवणारं वेष्टण घालावं. पंप आणि कार्बोरेटर यांच्याखालची उष्णतारोधक पॅकिंग शाबूत आहे का, ते पाहावं. कार्बोरेटरची सुई आणि फ्लोट तपासावा. रेडिएटर आतून साफ करून पंख्याचा पट्टा ताणून घ्यावा.

आणि एक पाचवी गोष्ट, हल्लीची. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप मऊ पडतो, चिरतो आणि नेमका तापल्या इंजिनावर गळतो. त्यामुळे इथेनॉल सोसणारे नवे पाइप आणि क्लिपा लगेच बसवून घ्या. साडीच्या फॉलवर कराल ती काटकसर इथे नको, कारण मागच्या सीटवर आपली मुलं बसतात.

उन्हाळ्यात माहेरी निघताना डिकीत पाण्याची बाटली आणि दोन फडकी असू द्या. अग्निशामक नळकांडं मात्र पुढच्या सीटखाली, हाताशी. आणि गाडी बंद पडली की कुणी किल्लीला हात लावण्याआधी विचारा, "अहो, वास येतोय का?" गॅरेजमध्येही आधी याच प्रश्नाचं उत्तर सांगा, म्हणजे भलत्याच दुरुस्तीचं बिल हाती पडणार नाही.