दोन्ही झडपा बंद नाहीत

न्यूझीलंड म्हटलं की आपल्याकडे मेंढ्या, रिचर्ड हॅडली आणि फार तर एव्हरेस्टवाला हिलरी आठवतो. मास्टरटन नावाच्या गावात १९१४ साली जन्मलेला आर्थर प्रायर कुणालाच आठवत नाही. कार्ल पॉपर लंडनला गेल्यावर त्यांच्या जागी १९४६ साली क्राइस्टचर्चच्या कँटरबरी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला आला तो हा माणूस.

त्याचं 'फॉर्मल लॉजिक' (१९५५) पोलिश पद्धतीच्या चिन्हांत आहे. कंस नाहीत, आणि नकाराचं चिन्ह ज्याला नाकारायचं त्याच्या अगदी आधी. पहिल्या भेटीत डोकं धरायला होतं, पण संशयाला जागा उरत नाही.

आपलं 'नाही' येतं वाक्याच्या शेवटी, आणि ते कशाला चिकटलंय हे ज्याचं त्याने ठरवायचं. समजा, टाकीच्या दारावर पाटी आहे: 'दोन्ही झडपा बंद नसतील तर आत उतरू नये.' एक जण वाचतो, एक जरी उघडी असेल तर उतरू नये. दुसरा वाचतो, दोन्ही उघड्या असतील तरच उतरू नये. एक झडप उघडी असताना हा दुसरा बाबा खुशाल आत उतरेल, आणि व्याकरणाने त्याचं काही चुकलेलं नसेल!

ट्रूथ टेबल मांडा. दोन झडपा, चार ओळी. दोन्ही बंद किंवा दोन्ही उघड्या असताना दोघांचं एकमत. मधल्या दोन ओळींत फाटतं. म्हणजे दोन्ही अर्थ समतुल्य नाहीत, संपलं. ('आणि' नाकारलं की 'किंवा' होतं, हा नियम ज्याच्या नावाने चालतो तो डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला, हे जाता जाता.)

आपल्या बारावीच्या गणितात हा धडा आहे. पण तो 'हमखास मार्कांचा'! पोरं सारण्या भराभर भरतात, आणि रोजच्या मराठीतलं एक वाक्य तपासत नाहीत. माझं म्हणणं, कारखान्यातल्या पाट्या, सोसायटीचे नियम, विम्याच्या अटी त्या तासाला वर्गात आणा. वीस अटी असल्या तर १०,४८,५७६ ओळी होतात हे मान्य, तिथे कॉम्प्युटर लावा. पण पाटीवर अटी असतात दोन, आणि चार ओळींना दोन मिनिटं पुरतात.

ती पाटी अशी हवी: 'एक जरी झडप उघडी असेल तर आत उतरू नये.' रंगही जास्त लागत नाही.