अनुराग कोठून यावा?

व्यवसायबंधूंच्या बैठकीत हल्ली एक तक्रार हटकून ऐकू येते. नेमून दिलेल्या कामापलीकडे माणसे तसूभरही हलत नाहीत, ही ती तक्रार. चरकसंहितेच्या खुड्डाकचतुष्पाद अध्यायात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. यांपैकी तीन शिकवता येतात, तपासताही येतात. अनुराग मात्र नेमणूकपत्रात लिहिता येत नाही. आणि आपले पुष्कळसे काम त्याच्याच आधारावर चालते. तैलपाक खरपाकाकडे झुकू लागला असता सुटीची वेळ टळली तरी कढईपाशी थांबणारा कामगार, किंवा वमनानंतर संसर्जनक्रम नीट चालला आहे ना, हे रुग्णाला आपणहून विचारणारी परिचारिका, यांची ही कामे कोणत्याही कर्तव्यसूचीत नसतात.

अशा स्वेच्छेच्या वर्तनाचा अभ्यास अमेरिकेत डेनिस ऑर्गन प्रभृतींनी केला. रॉबर्ट मूरमन यांना १९९१ साली असे आढळले की, या वर्तनाचा संबंध वरिष्ठ प्रत्यक्षात न्यायाने वागतात की नाही, याच्याशी अधिक आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास तर औषधशाळेच्या मालकांनी अवश्य ध्यानी घ्यावा. दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी वेतन १५ टक्क्यांनी कमी केले गेले. एका ठिकाणी कारणे सविस्तर व खेदपूर्वक सांगितली, दुसरीकडे त्रोटक सूचना दिली. कपात तीच, परंतु चोरीचे प्रमाण दुसऱ्या ठिकाणी कितीतरी अधिक वाढले.

यावरून गोड बोलून कमी वेतन द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. (काढणारे आपल्यात आहेत.) 'तू तर घरच्यासारखाच' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे, ज्याला ते ऐकवले जाते, त्याला बहुधा नेमणूकपत्रही दिलेले नसते. वमनाची पात्रे नेहमी एकाच बाईने धुवावीत, दिवाळीची रजा मात्र मालकाच्या भाच्याला आधी मिळावी, हे सर्वांना दिसत असते. शिवाय एकदा आपखुशीने थांबलेल्या माणसाचे थांबणे आपण पुढल्या महिन्यात हक्काचे मानू लागतो, आणि तेथेच त्याचा उत्साह संपतो.

पाळ्या व रजा यांचे वेळापत्रक सर्वांना दिसेल असे लावावे. जादा तासांची नोंद कामगाराच्या सहीने ठेवून त्यांचा मोबदला त्याच महिन्यात द्यावा. वसंतात वमनाची गर्दी सुरू होण्यापूर्वी एवढे तरी करता येईल.