बासची रॉड आणि कळंब्याचा मासा

"बासची कुठली रॉड घेऊ?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला पाच-सहा जणांनी तरी विचारला असेल. विचारणारे सगळे आपल्यातलेच... आठवडाभर लॅपटॉपसमोर मान मोडून बसणारे, आणि शनिवार-रविवार कुठंतरी पाण्याकाठी गप्प बसावं असं वाटणारे. अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघून यांचा निम्मा अभ्यास झालेला असतो. रीलचा गियर रेशो ६.३ की ७.१, रॉड मीडियम की मीडियम हेवी, सगळं तोंडपाठ. मी फक्त एवढंच विचारतो, "धरायचा कुठला मासा?" मग जरा शांतता. मग उत्तर येतं, "बघू की, लागेल तो."

मंडळी, घोळ इथंच आहे. कामात कुणी क्लाएंटला काय पाहिजे ते न विचारता सर्व्हर मागवला तर आपण त्याला वेड्यात काढतो. छंद म्हटलं की मात्र आपण आधी सर्व्हर मागवतो.

माझं मत सरळ आहे. सामान गळाच्या टोकाकडून घेत यावं. आधी मासा ठरवायचा, मग त्याच्या तोंडाप्रमाणं गळ, गळाप्रमाणं दोरी, दोरीप्रमाणं रील आणि सगळ्यात शेवटी काठी. दुकानात आणि व्हिडिओत नेमकं उलटं शिकवतात. साहजिक आहे, पैसा काठीत आणि रीलमध्ये आहे. गळाचं पाकीट विकून कुणाचं घर चालणार?

आता बासचं बघू. बास, म्हणजे ज्याला लार्जमाउथ बास म्हणतात तो, उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. शेवाळात, बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून बेडूक, छोटा मासा गेला की झडप घालायची, हा त्याचा धंदा. बासची रॉड, रील, खोटे बेडूक, रबरी गांडुळं, सगळं या एका सवयीभोवती तयार झालंय. तो मासा आपल्या कळंबा तलावात नाही, रंकाळ्यात नाही, राधानगरीच्या पाण्यातही नाही. (आणि कुणी आणायच्या भानगडीत पडूही नये. जपाननं १९२५ मध्ये आशी सरोवरात हौसेनं बास सोडला, तो देशभर पसरला, स्थानिक मासे खाऊन बसला आणि २००५ मध्ये त्याला घातक परदेशी जीव म्हणून कायद्यानं जाहीर करायची वेळ आली. गंमत म्हणजे २००९ मध्ये जगातला विक्रमी बास, दहा किलोच्या वरचा, त्याच जपानच्या बिवा सरोवरात लागला.)

मग आपल्याकडं या सामानाचा उपयोग शून्य? तसंही नाही. आपला बास म्हणजे मरळ. कोल्हापूरच्या आसपासच्या तळ्यांत, ओढ्यांच्या डबऱ्यांत हा मासा पिढ्यान् पिढ्या आहे. केंदाळाच्या आडोशाला उभा राहतो, बेडकावर तुटून पडतो आणि मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो, कारण पाण्याबाहेरची हवा घ्यायची सोय त्याच्या अंगातच आहे. संध्याकाळी पाणी शांत असलं की तो "पच्च" आवाज ऐकू येतो. त्याचं तोंड हाडाचं, कडक. गळ त्यात रुतवायला काठी ताठ लागते, दोरी ताणली न जाणारी लागते, आणि मासा केंदाळात घुसायच्या आत त्याला ओढून काढायला सगळंच दणकट लागतं. म्हणजे व्हिडिओतली ती मीडियम हेवी रॉड, तीस पौंडाची ब्रेडेड दोरी, पोकळ रबरी बेडूक हे सगळं मरळीला अगदी फिट्ट बसतं.

पण हेच सामान घेऊन रोहूसाठी बसलात की बोंब. रोहूचं तोंड खालच्या बाजूला, ओठ मऊ आणि झालरीसारखे. तो झडप घालत नाही, चोखतो. पेंडीचा गोळा हळूच आत घेतो, आवडला नाही तर थुंकतो. त्याला गळ बारीक लागतो आणि काठी लवचिक. न ताणणारी दोरी आणि ताठ काठी असली की पहिल्याच हिसक्याला ओठ फाटतो आणि मासा जातो, तोही जखमी होऊन. कटल्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. मृगल तळाशी चरतो. तिघं एकाच तलावात, पण गोळा कुठल्या खोलीवर ठेवायचा हे तिघांचं वेगळं. आणि चिलापी? तिला काठीचं काहीच पडलेलं नाही. बारीक गळ, गांडुळाचा तुकडा आणि शाळा बुडवलेलं पोरगं एवढं बास झालं. (हा 'बास' वेगळा.)

दोरीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण बिघाड सगळ्यात जास्त तिथंच होतो. आपल्याकडं ज्याला तंगूस म्हणतात ती नायलॉनची एकेरी दोरी. ती ताणली जाते, ओढ लागली की सहज वीस टक्के लांब होते. हा दोष नाही, तो शॉक अॅब्सॉर्बर आहे. पन्नास मीटरवर रोहूनं उसळी मारली तर ते ताणणंच मासा राखतं. ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणतच नाही, शिवाय तेवढ्याच ताकदीला खूप बारीक असते. तीस पौंडाची ब्रेडेड साधारण आठ पौंडाच्या तंगुसाएवढी जाड. त्यामुळं लांब जाते, पानाफांद्यांतून कापत येते, पण दगडावर घासली की पटकन तुटते आणि ओल्या हाताला करकचून कापते. उघडा, खडकाळ काठ आणि रोहू-कटला असेल तर तंगूस. केंदाळ आणि मरळ असेल तर ब्रेडेड. "भारी कुठली" असा प्रश्नच नाही.

मग रील. "पंधरा किलो ड्रॅग" असं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. वाचून बरं वाटतं. आता हिशोब करा. ड्रॅग म्हणजे माशानं किती जोर लावल्यावर रीलनं दोरी सोडायची ते. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवतात, कारण गाठीत ताकद कमी होते आणि हिसका सरळ ओढीपेक्षा मोठा असतो. तुमची दोरी आठ किलोची असली तर ड्रॅग लावायचा दोन, फार तर अडीच किलोवर. उरलेल्या बारा-तेरा किलोंचे पैसे तुम्ही कशासाठी दिले? घरी बॅग मोजायचा हुकाचा वजनकाटा असतो ना, दोरीला अडकवा, ओढा आणि ड्रॅग त्यावर लावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण दहातले नऊ जण करत नाहीत. अंदाजानं नट फिरवतात आणि मासा गेला की रीलला शिव्या घालतात.

व्हिडिओत सगळ्यांच्या हातात बेटकास्टर असतो, म्हणजे काठीच्या वर बसणारं, अंगठ्यानं आवरायचं रील. दिसायला झकास आहे, नेमही चांगला लागतो. पण फेकताना अंगठा चुकला की दोरीचं सुगरणीचं घरटं होतं, आणि हलकं आमिष त्यानं नीट फेकलंही जात नाही. पहिलं रील साधं स्पिनिंगच घ्या, ३००० किंवा ४००० साइजचं. मरळ आणि रोहू दोन्हींना ते चालतं, फक्त एक जादा स्पूल घ्या आणि दोन्ही दोऱ्या वेगवेगळ्या भरून ठेवा. मला विचाराल तर सगळ्या खरेदीत सगळ्यात शहाणी खरेदी तो जादा स्पूल.

आता राहिली काठी. इंजिनिअरिंगला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स नावाचा विषय होता, ज्यात आपण सगळे कॅन्टिलिव्हर बीम काढून पास झालो. रॉड म्हणजे तोच, फक्त टोकाकडं बारीक होत गेलेला. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, आणि अॅक्शन म्हणजे ती कुठून वाकते. फक्त शेंड्याला वाकली तर फास्ट, पार मुठीपर्यंत वाकली तर स्लो. मरळीला फास्ट, रोहूला मवाळ. आणि मुठीच्या वर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, किती ग्रॅम वजन फेकायचं त्याचा. पूर्ण रॉडवर कामाचा मजकूर तेवढाच, बाकीचं सोनेरी अक्षर म्हणजे नुसता रंग. तुमचा बेडूक बारा ग्रॅमचा आणि काठी चाळीस ग्रॅमची असेल तर बेडूक तुमच्या पायाशी पडणार.

कळंब्याच्या बाजूला एका काठावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे. मेसाची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगा. रील नाहीच. मी एकदा म्हटलं, "मामा, मोठा लागला तर काठी टिकायची का?" त्यांनी माझ्या कार्बनच्या काठीकडं बघितलं आणि म्हणाले, "माशाला काय काठी दिसत्या व्हय? त्येला पेंड दिसत्या." आणि पुन्हा तरंग्याकडं बघत बसले. त्यांच्या पिशवीत तीन प्रकारची पेंड होती, वेगवेगळ्या पुड्यांत. कुठल्या महिन्यात कुठली, हे त्यांचं संशोधन. ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मी असतो तर मीही सांगितलं नसतं.

ही समज नवीन नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं इसवी सन ११३० च्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ केला. आपले कोल्हापूरचे शिलाहार त्या घराण्याचे मांडलिक, म्हणजे मामला घरचाच. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' म्हणून गळानं मासे धरण्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. गळ, दोरी, काठी हे आहेच, पण माशांच्या जाती कुठल्या आणि कुठल्या माशाला काय खायला घालावं, याचीही यादी आहे. नऊशे वर्षांपूर्वी एका राजाला, ज्याला सगळ्यात महागडी काठी सहज मिळाली असती, माशाचं जेवण लिहून ठेवावंसं वाटलं.

काहीजण म्हणतील, अरे हौस आहे, पैसे आपले आहेत, चांगलं सामान घेतलं तर बिघडलं काय? हौसेबद्दल माझं काही म्हणणं नाही. मलाही गुळगुळीत फिरणाऱ्या रीलचा आवाज ऐकत बसायला आवडतं. पण चुकीच्या सामानाची किंमत आपण एकटे भरत नाही. बारीक दोरीवर मोठा मासा लागला की दोरी तुटते आणि तो मासा तोंडात गळ आणि मागं वीस मीटर तंगूस घेऊन फिरतो. ते तंगूस केंदाळात अडकतं आणि पुढं पाणकोंबडीच्या, बगळ्याच्या पायात. कळंबा तलाव संस्थानकाळातला, त्याचं पाणी आजही लोक पितात, आणि हिवाळ्यात पक्षी बघायला माणसं तिथं येतात. अशा पाण्यात शिशाची वजनं टाकणं मला तरी पटत नाही. इंग्लंडमध्ये राजहंस शिसं गिळून मरायला लागले म्हणून १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांवर बंदी आली. आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. कोल्हापूरसारख्या गावात उद्यमनगर असताना माणसानं शिसं का घ्यावं? लोखंडी नट आणा, पाहिजे त्या वजनाचे. मध्ये भोक आयतंच आहे. गंजतात, गंजू देत.

मरळीचं आणखी एक. पावसाळ्यात कधीकधी पाण्यावर बारीक लालसर पिल्लांचा एक गोळा फिरताना दिसतो. खाली त्यांचे आईबाप राखणीला असतात. त्या गोळ्यावर बेडूक फेकला की मरळ हमखास लागते, कारण ती भुकेपोटी येत नाही, पिल्लांवर कुणी आलं म्हणून येते. ती काढून नेली की मागचा सगळा गोळा इतर माशांच्या पोटात. व्हिडिओंत याला 'हमखास ट्रिक' म्हणतात. मी याला मासेमारी म्हणत नाही. गोळा दिसला की काठी गुंडाळून दुसरीकडं जायचं.

आणि हो, बसायच्या आधी विचारून घ्या. तळी-तलावांची मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्यानं मच्छीमार संस्थांकडं असते. रोहू-कटल्याचं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं, तुमच्या विकेंडसाठी नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या तलावावर तर आणखी बंधनं असू शकतात. नाही म्हणाले तर वाद घालू नये, दुसरं पाणी शोधावं.

तर ज्यानं शेवटचं विचारलं होतं, त्याच्यासाठी यादी: एक स्पिनिंग रील, जादा स्पूलसकट. एक सात फुटी मध्यम काठी, दहा ते तीस ग्रॅमची. ०.३५ मिलिमीटरचं तंगूस आणि तीस पौंडाची ब्रेडेड. दोन-तीन मापांचे गळ, काटा पकडीनं दाबून घेतलेले, म्हणजे मासा सोडताना त्याचे हाल होत नाहीत. दोन खोटे बेडूक. मूठभर नट. आणि एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली, तुटक्या तंगुसाचे तुकडे भरून घरी आणायला. बास रॉडचे म्हणून जेवढे पैसे बाजूला ठेवलेत, त्यातले निम्मे उरतील. त्याची पेंड घे, भावा.