रोगाचा शेष

ऋण, अग्नि आणि रोग यांचा शेष ठेवूं नये, हें जुन्या लोकांचें सांगणें आम्हीं वर्गांत किती वेळां समजावून दिलें असेल याची मोजदाद नाहीं. हीं तिन्ही थोडीं उरलीं तरी पुन्हां वाढतात, इतका सोपा त्याचा अर्थ. परंतु मुलांस सांगितलेला धडा स्वतः गिरविण्याची पाळी आमच्यावर सेवानिवृत्तीनंतर आली, आणि तीहि एका जुन्या मोटारीच्या पायीं. त्या धड्याची फी बरीच पडली. ती वाचकांस पडूं नये म्हणून हा मजकूर.

आमचें गांव इंदुरी. एका अंगास इंद्रायणी आणि दाभाड्यांच्या जुन्या किल्ल्याचे बुरूज, दुसऱ्या अंगास तळेगांव–चाकण रस्ता. चाकणच्या कारखान्यांकडे जाणारे अवजड ट्रक या रस्त्यानें रात्रंदिवस धांवत असतात, आणि उन्हाळ्यांत त्यांच्या मागें जी धूळ उठते ती निरोगी माणसासहि खोकावयास लावते. आमच्या सौभाग्यवतींस तर दम्याचा जुना विकार. महिन्यांतून एकदां त्यांना पुण्यास डॉक्टरांकडे न्यावें लागतें. खिडक्या मिटून, आंतलीच हवा गार करून फिरवीत जातां आलें, तर तो प्रवास त्यांस सोसतो. म्हणून मोटारींतील वातानुकूलन ही आमच्या घरांत चैन नव्हे. ती औषधाच्या पेटीशेजारची वस्तु आहे.

मोटार २०११ सालची. ती कोणत्या कंपनीची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं; तेरा वर्षें राबलेल्या यंत्रानें थकावें यांत करणाराचा दोष नाहीं. २०२४ च्या चैत्रांत एके सकाळीं जात्यांत खडा सांपडावा तसा आवाज इंजिनाकडून आला, पट्टा किंचाळला, आणि वातानुकूलनाचा काँप्रेसर जागच्या जागीं जाम झाला. चिरंजीवांचें मत, मोटार विकून टाकावी. आमचें मत निराळें पडलें. इंजिन उत्तम, सांगाडा धड, आणि नवी मोटार घेण्याइतकें निवृत्तिवेतन नाहीं. शिवाय जुनी मोटार म्हणजे निराधार मोटार, हेंहि खरें नव्हे. तळेगांवच्या कारखान्यांतून पूर्वीं शेव्हरोले मोटारी निघत. त्या कंपनीनें २०१७ च्या अखेरीस भारतांतील विक्री बंद केली, २०२० च्या डिसेंबरांत तेथील उत्पादनहि थांबलें, आणि २०२४ च्या जानेवारींत तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. आमची मोटार त्यांपैकीं नव्हे. परंतु त्या मोटारी अजून आमच्या रस्त्यावर दिसतात, त्या दुरुस्त करणाऱ्या हातांच्या बळावर.

आमच्या सुदैवानें असा एक हात आमच्या ओळखीचा होता. आमचाच एक जुना विद्यार्थी तळेगांवांत गॅरेज चालवितो. त्याच्याकडून आम्हांस या यंत्राचें जें ज्ञान झालें तें थोडक्यांत असें. काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो व वायु दाबतो. दाबलेला वायु तापतो. तो मोटारीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरच्या जाळींत वाऱ्यानें निवून द्रवरूप होतो. पुढें ड्रायर नांवाच्या नळकांड्यांत त्यांतील ओलावा व गाळ अडतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतांच त्याचा दाब उतरतो, आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्यें त्याची वाफ होतांना तो भोंवतालची उष्णता शोषून घेतो. माठांतलें पाणी ज्या न्यायानें गार होतें तोच हा न्याय. मात्र माठाचें पाणी उडून जातें, येथें तोच वायु पुनःपुन्हां फिरतो. काँप्रेसरला लागणारें तेलहि त्या वायूबरोबरच सर्व नळ्यांतून हिंडत असतें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. सारी कथा तिच्यांतच आहे.

आमची पहिली चूक दोन वर्षांची जुनी होती. २०२२ च्या उन्हाळ्यांत गारवा कमी झाला तेव्हां रस्त्यावरच्या एका दुकानीं आम्हीं ‘गॅस भरून’ घेतला. २०२३ मध्यें पुन्हां भरला. हा वायु म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळून खर्च होत नाहीं. कित्येक वर्षांत रबरी नळ्यांतून किंचित् झिरपणें निराळें, आणि दर उन्हाळ्यास भरावा लागणें निराळें. तो जातो कोठें, हा प्रश्न आम्हीं एकदांहि विचारला नाहीं. वायूबरोबर तेलहि थोडें थोडें गेलें, काँप्रेसर कोरडा पडूं लागला, धातूवर धातु घासली.

दुसरी चूक याहून मोठी. विद्यार्थ्यानें जाम झालेला काँप्रेसर उतरविला, त्यांतील तेल एका पांढऱ्या कागदावर ओतलें आणि कागद उन्हांत धरला. तेल काळसर होतें, आणि त्यांत अभ्रकासारखा चुरा चमकत होता. तो म्हणाला, “गुरुजी, हा भुगा नुसता यातच नाही, पुढं गेलाय. कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह, सगळं बदलावं लागेल. नाहीतर नवा काँप्रेसर बी जाईल.”

त्यावर आम्हीं जें बोललों तें लिहितांना संकोच वाटतो. आम्ही म्हणालों, “मोडलें तें एक, तर बदलावयाचें तेंहि एकच. गणितांत एक अंक चुकला तर तेवढाच पुसावा. सारी पाटी कां पुसावी?” आणि नऊ हजार रुपयांस दुरुस्त केलेला एक जुना काँप्रेसर आणवून तेवढाच बसवावयास लाविला. पुण्यास डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवसाची होती. कामाची घाईहि आम्हींच केली. विद्यार्थी क्षणभर थांबला, आणि “बरं, गुरुजी,” म्हणून कामास लागला. त्यास हें काम आमच्याहून शतपट कळत होतें. परंतु लहानपणीं ज्याच्यापुढें हात बांधून उभें राहावयाचें, त्यास तुमचें चुकतें असें कसें म्हणावें? आमच्या शब्दापुढें त्याची विद्या गप्प बसली.

बरोबर तेविसाव्या दिवशीं, वैशाखांतल्या भर दुपारीं, पुण्याहून परततांना देहूरोड सोडून सोमाटण्याकडे येत असतां तोच खडखडाट पुन्हां झाला. यंत्र बंद केलें, खिडक्या उघडल्या. पुढें एक ट्रक, मागें एक ट्रक, आणि मधें आम्ही. पांचच मिनिटांत सौभाग्यवतींचा श्वास वाजूं लागला. मोटार रस्त्याच्या कडेस एका झाडाखालीं घेतली, तोंडांत औषधाचा फवारा दिला, आणि त्यांचा हात हातांत घेऊन बसलों. “अहो, घाई करूं नका, मी बरी आहें,” एवढें वाक्य त्यांनीं तीनदां थांबून पुरें केलें. अर्ध्या तासानें श्वास खालीं बसला. त्या अर्ध्या तासांत आमच्या नऊ हजारांचा आणि आमच्या पाटीच्या दृष्टान्ताचा हिशेब पुरा झाला. चुकलेला अंक पुसला तरी त्याच्या खालच्या साऱ्या पायऱ्या चुकलेल्याच राहतात, हें ज्यानें जन्मभर मुलांस शिकविलें त्यालाच तें आठवलें नाहीं!

दुसऱ्या खेपेस विद्यार्थ्यानें कांहीं न बोलतां पुन्हां पांढरा कागद पुढें केला. तोच चुरा. मग त्यानें आमचा जुना कंडेन्सर कापून दाखविला. हल्लींच्या कंडेन्सरमधील मार्ग इतके अरुंद असतात कीं त्यांत अडकलेला भुगा धुवून पुरता निघत नाहीं. तेथून तो नव्या काँप्रेसरकडे परत येतो. आम्ही म्हणालों, “आतां तूं गुरु. सांगशील तसें.”

त्यानें केलें तें असें. काँप्रेसर नवा, कंडेन्सर नवा, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवा. ड्रायर नवा, कारण त्यांतील ओलावा शोषणारे मणि उघड्या हवेचाच दमटपणा पिऊन निकामी होतात. नळ्या व कूलिंग कॉइल धुवून वाऱ्यानें कोरडीं केलीं. सांध्यांतील सर्व रबरी कड्या बदलल्या. दोन वर्षें ज्यांतून वायु गळत होता तो घासलेला सांधा शोधून काढला. तेल कंपनीच्या पुस्तकांत लिहिल्या जातीचें व मोजून घातलें. कमी पडलें तर काँप्रेसर झिजतो, अधिक झालें तर गारवा कमी होतो. काँप्रेसरचा दांडा प्रथम हातानें दहा-बारा वेळां फिरविला. मग पंप लावून पाऊण तास आंतली हवा ओढून घेतली. पर्वतावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतें. नळ्यांतील दाब अगदीं उतरला कीं आंतला ओलावा नेहमींच्या उष्णतेवरच वाफ होऊन निघून जातो. पंप बंद करून अर्धा तास कांटा पाहिला. तो हालला नाहीं, म्हणजे गळती नाहीं. शेवटीं, बॉनेटखालीं लिहिलेल्या वजनाइतकाच वायु तोलून भरला. एकंदर खर्च अठ्ठावीस हजार. पहिल्याच वेळीं ऐकतों तर नऊ हजार वांचते, आणि सोमाटण्याची ती दुपारहि.

त्या वायूविषयीं दोन शब्द. पूर्वीं मोटारींत आर-१२ नांवाचा वायु असे. तशा वायूंनीं पृथ्वीभोंवतालच्या ओझोनच्या थराचा क्षय होतो असें आढळल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यांचा वापर थांबविण्याचा मार्ग आंखला. या विषयाच्या संशोधनाबद्दल क्रुट्झेन, मोलिना आणि रोलंड यांस १९९५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या मोटारींतील आर-१३४ए हा त्याच्या जागीं आलेला वायु ओझोनास इजा करीत नाहीं. परंतु वजनास वजन धरलें तर शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशें-चौदाशें पट उष्णता अडवितो. म्हणून २०१६ मध्यें किगाली येथें अशा वायूंचाहि वापर उतरवीत नेण्याचें राष्ट्रांनीं ठरविलें. येथेंहि एक रोग गेला आणि त्याचा शेष राहिला. अर्धा किलो असा वायु हवेंत सोडणें म्हणजे सहा-सातशें किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखें आहे. तेव्हां नळी सैल करून ‘फुस्स’ करणाऱ्यास थांबवावें, आणि यंत्रानें वायु काढून घेण्याचा आग्रह धरावा.

ज्यांच्या दारीं जुनी मोटार आहे त्यांनीं इतकें करावें. दोन उन्हाळे लागोपाठ वायु भरावा लागला तर तिसऱ्यांदा भरण्यापूर्वीं गळती शोधावी. खडखड ऐकूं येतांच वातानुकूलन तत्काळ बंद करावें. जाम झालेल्या काँप्रेसरमुळें पट्टा तुटला, तर त्याच पट्ट्यावर चालणारीं दुसरीं यंत्रेंहि बंद पडतात. हिवाळ्यांतहि पंधरा दिवसांतून एकदां दहा मिनिटें तें चालवावें, म्हणजे तेल सर्वत्र फिरतें व दांड्याजवळचें रबर सुकत नाहीं. आणि काँप्रेसर बदलावयाची वेळ आलीच, तर किंमत विचारण्याआधीं दोन प्रश्न विचारावे: हा कशानें गेला, आणि याचा भुगा कोठवर पोंचला आहे?

वैद्यकांत निदानपरिवर्जन म्हणतात तें हेंच. रोगाचें कारणच काढून टाकावयाचें. परवां पुण्यास जातांना खिडक्या मिटलेल्या होत्या, बाहेर ट्रकांची रांग होती, आणि सौभाग्यवती पुस्तक वाचीत होत्या. मधेंच मान वर करून त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळीं तो पोरगा सांगेल तें पहिल्यांदाच ऐका.” आम्हीं मान डोलविली.